टेबलावरचा छोटा हेडफोन अ‍ॅम्प कसा निवडावा: हेडफोनच्या आकड्यांपासून घरातल्या प्लगपर्यंत

हेडफोन अ‍ॅम्प (हेडफोनकडे जाणारा सिग्नल वाढवणारा छोटा डबा) घेणारे बहुतेक जण क्रम उलटा लावतात. आधी अ‍ॅम्प आवडतो, मग तो घरी येतो, आणि आपल्या हेडफोनला तो जमतो का हे सगळ्यात शेवटी बघितलं जातं. मग त्याच त्या तक्रारी ऐकू येतात. नॉब जरा सरकवला की कानठळ्या बसतात. गाणं थांबलं की मागे घरघर राहते. किंवा एवढे पैसे घालूनही काही फरक वाटत नाही. नागपुरात यात आणखी दोन गोष्टींची भर पडते, घरातली वीज आणि उन्हाळा. हे अ‍ॅम्प बर्डीच्या दुकानांत हातात घेऊन, ऐकून घ्यायला सहसा मिळत नाहीत. ते ऑनलाइनच मागवावे लागतात, म्हणून घरबसल्या करायची तयारी इथे नीट करणं भाग आहे.

आधी दोन जणांनी इथेच थांबावं. ब्लूटूथवर ऐकणाऱ्यांच्या हेडफोनमध्ये अ‍ॅम्प आतच बसवलेला असतो, त्यांना बाहेरच्याचा उपयोग नाही. आणि एकाच पिनवर माइक असलेला गेमिंग हेडसेट वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की अ‍ॅम्पच्या साध्या सॉकेटमधून माइकचा सिग्नल लॅपटॉपकडे जात नाही. त्यांना माइकसाठी वेगळी सोय करावी लागेल.

## टप्पा १: हेडफोनचे दोन आकडे कागदावर उतरवा

खोक्यावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर दोन आकडे सापडतात: इम्पिडन्स, म्हणजे ओम, आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे डेसिबल. ओमचा आकडा सगळे बघतात. खरा घोळ डेसिबलमध्ये होतो, कारण कंपन्या तो दोन वेगवेगळ्या पद्धतींनी देतात. कोणी एका मिलिवॉटला किती डेसिबल हे सांगतं, कोणी एका व्होल्टला किती. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना केली की निष्कर्ष हमखास चुकतो.

म्हणून सगळे आकडे आधी 'एका व्होल्टला' या एककात आणा. मिलिवॉटचा आकडा दिला असेल तर त्यात ओमप्रमाणे बेरीज करायची: १६ ओमला १८, ३२ ओमला १५, ८० ओमला ११, २५० ओमला ६, ३०० ओमला सुमारे ५. अधलेमधले ओम असतील तर १००० ला ओमने भागा, त्याचा लॉग काढा आणि दहाने गुणा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर मिनिटभराचं काम आहे.

उदाहरणार्थ, बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो, २५० ओम, मिलिवॉटला ९६ डेसिबल. ९६ अधिक ६ म्हणजे व्होल्टला १०२. सेनहायझर एचडी ५६०एस हा १२० ओमचा, पण कंपनी त्याचा आकडा थेट व्होल्टला ११० असा देते. नुसत्या ओमकडे पाहिलं तर दोघेही चालवायला 'जड' वाटतात. प्रत्यक्षात दुसरा साध्या लॅपटॉपवरही मोकळा वाजतो.

तपासा: डेसिबलच्या पुढे 'प्रति मिलिवॉट' की 'प्रति व्होल्ट' हे लिहिलेलं नसेल, तर अंदाज बांधू नका. कंपनीच्या सविस्तर तक्त्यात ते शोधा.

## टप्पा २: तुम्ही खरोखर किती आवाजात ऐकता ते मोजा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि सगळ्यात जास्त पैसे हाच वाचवतो. लागतं काय? दोन्ही टोकांना साडेतीन मिलिमीटरची पिन असलेली ऑक्स केबल, ५० हर्ट्झच्या सलग सुराची पूर्ण पातळीवर तयार केलेली फाइल (ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सूर निर्माण करताना पातळी १ ठेवायची), आणि मल्टिमीटर.

मल्टिमीटरबद्दल आधीच सांगतो. बर्डीवर सहज मिळणारा स्वस्तातला पिवळा डीटी-८३० इथे पुरत नाही. त्यात एसी व्होल्टची सगळ्यात लहान रेंज २०० ची असते, त्यामुळे पाऊण व्होल्टसारखा आकडा त्यावर नीट वाचता येत नाही. एसीची २ किंवा २० व्होल्टची रेंज असलेला मीटर घ्या, नाहीतर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून तासाभरासाठी आणा.

आता कृती. तुमच्या संग्रहातलं सगळ्यात हळू आवाजाचं रेकॉर्डिंग लावा. जुन्या मैफलींची रेकॉर्डिंगं बहुतेक वेळा अशी असतात. नेहमीच्या हेडफोनवर, तुम्हाला हवा असतो तेवढा जास्तीत जास्त आवाज ठेवा. आता व्हॉल्यूमला अजिबात हात न लावता हेडफोन कानावरून काढा, त्याची पिन उपसा आणि तिथे ऑक्स केबल लावा. ५० हर्ट्झचा सूर सुरू करा. केबलच्या मोकळ्या पिनच्या टोकाला मीटरची एक सळई आणि मागच्या धातूच्या भागाला दुसरी टेकवा. मीटरवर येणारा आकडा म्हणजे तुमची आत्ताची कमाल गरज.

सावधान: हा सूर हेडफोन कानावर असताना कधीही लावू नका. तो पूर्ण पातळीवर असतो. आणि सळया टेकवताना पिनवरचे दोन भाग एकमेकांना जोडले जाणार नाहीत याकडे लक्ष द्या.

मीटर ०.४ व्होल्ट दाखवत असेल, तर तुम्हाला ताकदीची कमतरता नाही. व्हॉल्यूम शंभरावर नेऊनही आवाज अपुरा वाटत असेल, तर जो आकडा आला त्याच्या निदान दुप्पट व्होल्ट लागतील असं धरा. दुप्पट व्होल्ट म्हणजे ६ डेसिबल वाढ.

नागपूरकरांसाठी इथे खास सूचना. मार्चपासून पुढे खोलीत कूलर सुरू असेल, तर हे मोजमाप दोनदा करा, कूलर बंद ठेवून आणि सुरू ठेवून. मागून उघड्या हेडफोनमध्ये कूलरची घरघर थेट कानात येते आणि हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. दोन आकड्यांत मोठा फरक असेल, तर उपाय अ‍ॅम्प हा नाही, बंद कपांचा हेडफोन हा आहे. घरघरीवर मात करायला आवाज वाढवत नेला तर कान जातात. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी सांगितलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास एवढी आहे, आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते.

## टप्पा ३: व्होल्ट आणि करंटचा हिशेब

मोजमाप जमलं नाही किंवा हेडफोन अजून हातात नाही, तर हिशेबाने चालतं. संगीतातल्या क्षणिक ठोक्यांसाठी ११० डेसिबल हे टोक धरा. सरासरी आवाज त्याच्या बराच खाली असतो, पण तबल्याचा किंवा ड्रमचा आघात कापला जाऊ नये म्हणून वर एवढी जागा ठेवायची.

डीटी ९९० प्रो व्होल्टला १०२ देतो. ११० ला ८ डेसिबल कमी पडतात, म्हणजे अडीच व्होल्ट हवेत. अडीचला २५० ओमने भागलं की करंट येतो १० मिलिअँपिअर. सेनहायझर एचडी ६५०, ३०० ओम, व्होल्टला १०३: सव्वादोन व्होल्टच्या आसपास, करंट त्याहूनही कमी. आता हायफायमॅनचा सुंदरा घ्या, ३७ ओम, मिलिवॉटला ९४. त्याला व्होल्ट सव्वाच लागतात, पण करंट ३३ मिलिअँपिअर, म्हणजे डीटी ९९० च्या तिप्पट.

निवडीची मेख इथेच आहे. जास्त ओमचा हेडफोन व्होल्ट मागतो, कमी ओमचा प्लेनर (आत सपाट पडदा असलेला, सुंदरासारखा) करंट मागतो. यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालणारे काही छोटे अ‍ॅम्प पहिल्या बाबतीत तोकडे पडतात, फोनला हेडफोन जोडायचे बारके डोंगल दुसऱ्या बाबतीत. तुमचा हेडफोन कोणत्या गटातला आहे हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: अ‍ॅम्प हवाच आहे का?

लॅपटॉपचं हेडफोन सॉकेट साधारण १ व्होल्टच्या आसपास देतं. अ‍ॅपलचा यूएसबी-सी डोंगलही (अमेरिकेत विकला जाणारा प्रकार) तेवढाच. तुमची गरज ०.७ व्होल्टची असेल (ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स याच गटात येतो) आणि मागे खरखर नसेल, तर अ‍ॅम्प घेऊ नका. ते पैसे चांगल्या हेडफोनमध्ये घाला. आवाजाच्या पोतात हेडफोन बदलल्याने जेवढा फरक पडतो, तेवढा अ‍ॅम्प बदलल्याने पडत नाही, हे माझं ठाम मत आहे.

अ‍ॅम्प घ्यायची रास्त कारणं अशी: व्होल्ट किंवा करंट खरोखर कमी पडतोय, लॅपटॉपच्या सॉकेटमधून माउस हलवला की किरकिर येते, किंवा टेबलावर हाताशी नॉब हवाय. तिसरं कारणही पुरेसं आहे, त्यासाठी तांत्रिक निमित्त शोधायची गरज नाही.

## टप्पा ५: वॉटचा आकडा वाचायला शिका

जाहिरातीतला वॉट बहुतेक वेळा ३२ किंवा १६ ओमवरचा असतो. ३२ ओमला १ वॉट देणारा अ‍ॅम्प म्हणजे साधारण ५.६ व्होल्ट. तोच ३०० ओमच्या हेडफोनला जेमतेम ०.१ वॉट देईल. लोक हे बघून घाबरतात आणि आणखी मोठा अ‍ॅम्प घेतात. पण एचडी ६५० ला लागतात किती? सव्वादोन व्होल्ट. मिळतायत साडेपाचच्या वर. प्रश्न संपला.

वॉटवरून व्होल्ट काढायचे असतील तर वॉट गुणिले ओम करा आणि वर्गमूळ घ्या. आलेला आकडा टप्पा ३ च्या गरजेच्या दीडपट ते दुप्पट असला की थांबा. हायफायमॅन एचई-६ सारखे मिलिवॉटला ८३.५ डेसिबलवाले हेडफोन सोडले, तर टेबलावर ऐकणाऱ्याला १ वॉटच्या वर जायचं कारण मला दिसत नाही.

तपासा: तक्त्यात 'पीक' लिहिलं असेल तर तो आकडा आरएमएसच्या, म्हणजे सलग मिळणाऱ्या सरासरी ताकदीच्या, दुप्पट फुगलेला असतो. 'बॅलन्स्ड' (दोन्ही कानांच्या परतीच्या तारा वेगळ्या असलेल्या) सॉकेटचा वॉट मोठ्या अक्षरात आणि साध्या सॉकेटचा खाली बारीक छापलेला असतो. तुमची पिन ज्या सॉकेटची आहे, तोच आकडा धरा.

## टप्पा ६: आउटपुट इम्पिडन्स आणि गेन

अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याच्या सॉकेटचे स्वतःचे ओम, हेडफोनच्या ओमच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा. १६ ओमच्या इअरफोनला २ ओम किंवा कमी, ३०० ओमच्या हेडफोनला ३७ पर्यंत चालेल. हल्लीचे बरेचसे टेबलावरचे अ‍ॅम्प १ ओमच्या आत असतात. चूक होते ती कपाटातला जुना स्टिरिओ अ‍ॅम्प काढून त्याचं हेडफोन सॉकेट वापरताना. तिथे शंभर ओमच्या वरही आकडा असू शकतो, आणि मग काही हेडफोनमध्ये खर्ज फुगतो.

गेनकडे, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो त्याकडे, मात्र नीट लक्ष द्या. 'नॉब जरा सरकवला की कानठळ्या' या तक्रारीचं उत्तर इथे आहे. बाहेरचा डॅक (डिजिटल फाइलचा विजेचा सिग्नल करणारा डबा) साधारण २ व्होल्ट देतो. तुमची गरज अडीच व्होल्टची असेल तर सव्वापट गेन पुरतो. अ‍ॅम्पचा गेन पाचपट असेल तर पूर्ण नॉबवर १० व्होल्ट होतील आणि तुम्ही आयुष्यभर नॉबच्या सुरुवातीच्या भागातच ऐकाल. साध्या नॉबच्या त्याच भागात डावा-उजवा कान कमी-जास्त ऐकू येतो, आणि इअरफोन असेल तर मागची सळसळही कळते. म्हणून गेन कमी-जास्त करायचा स्विच असलेलाच अ‍ॅम्प घ्या, आणि कमी गेनवर सुरुवात करा.

## टप्पा ७: डॅक आत की वेगळा, आणि कोणती पिन

पहिल्यांदा घेत असाल तर डॅक आणि अ‍ॅम्प एकाच डब्यात असलेला घ्या. टेबलावर तारा कमी, आणि घरघरीची एक शक्यता कमी. आधीच चांगला डॅक असेल तरच नुसता अ‍ॅम्प.

४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड सॉकेटच्या मागे धावू नका. त्याने व्होल्ट वाढतात, पण वाढीव व्होल्टची गरज तुम्हाला टप्पा ३ मध्ये निघाली का ते बघा.

सावधान: बॅलन्स्ड सॉकेटमध्ये कनेक्टर लावून साडेतीन मिलिमीटरची साधी पिन जोडू नका. साध्या पिनमध्ये दोन्ही कानांची परतीची तार एकच असते, त्यामुळे अ‍ॅम्पची दोन आउटपुट एकमेकांना भिडतात आणि तो जळू शकतो. उलटं, म्हणजे बॅलन्स्ड केबलचा हेडफोन योग्य कनेक्टरने साध्या सॉकेटला, हे चालतं.

## टप्पा ८: अडॅप्टर, अर्थिंग, इन्व्हर्टर

हेडफोन अ‍ॅम्प जळण्याचं टाळता येण्यासारखं मोठं कारण अडॅप्टर आहे. बाजारातल्या अ‍ॅम्पचे वीज घेण्याचे तीन मुख्य प्रकार आहेत. फिओ के७ किंवा के११ सारखे १२ व्होल्ट डीसीवर चालतात. आयफाय झेन डॅकसारखे यूएसबीच्या ५ व्होल्टवर. आणि टॉपिंग एल३०, जेडीएस लॅब्स अ‍ॅटम यांसारख्यांना एसी-ते-एसी अडॅप्टर लागतो, म्हणजे बाहेर येते तीही एसीच.

तिसऱ्या प्रकारात अडॅप्टर म्हणजे साधा ट्रान्सफॉर्मर असतो. मोबाइलच्या चार्जरसारखा तो १०० ते २४० व्होल्ट काहीही चालवून घेत नाही. अमेरिकेतून नातेवाइकाने आणलेल्या अ‍ॅम्पचा अडॅप्टर ११५ व्होल्टचा असेल आणि पिन बदलून तो आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये लावला, तर बाहेर दुप्पट व्होल्ट येतात. अ‍ॅम्प तिथेच जातो. अडॅप्टरच्या पाठीवर 'इनपुट' पुढे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ हे वाचल्याशिवाय स्विच दाबू नका. 'आउटपुट' पुढे एसी आहे की डीसी, हेही वाचा. पिन बसते म्हणून दुसरा अडॅप्टर लावणं हा हमखास नुकसानीचा मार्ग.

अर्थिंगचं पाहू. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण मागे अर्थची तार असेलच असं नाही. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थ नाही किंवा कच्चा आहे असा संशय घ्या. अशा घरात अ‍ॅम्प लावला की ५० हर्ट्झची 'हूं' ऐकू येते आणि दोष अ‍ॅम्पवर जातो. खात्री करायची सोपी रीत: लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर ऐका. घरघर गेली तर अ‍ॅम्प निर्दोष आहे. लॅपटॉप, मॉनिटर आणि अ‍ॅम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरीही राहिली तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थ तपासून घ्या. सॉकेटमध्ये स्वतः सळया घालू नका.

इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्ह आहे की स्क्वेअर वेव्ह ते बघा. स्क्वेअर वेव्हवर एसी-ते-एसी ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, तापतो, आणि ती भणभण हेडफोनमध्येही उतरू शकते. अशा घरात यूएसबीवर चालणारा अ‍ॅम्प निवडलेला बरा. लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि ऐकणं निर्वेध सुरू राहतं.

## टप्पा ९: जागा आणि उन्हाळा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. बऱ्याच उपकरणांच्या मॅन्युअलमध्ये चालवण्याची मर्यादा ४० अंश छापलेली असते. क्लास-ए पद्धतीचे आणि नळीवाले (व्हॅक्यूम ट्यूबचे) अ‍ॅम्प गाणं सुरू नसतानाही तापतात. वरच्या मजल्यावरची, स्लॅब तापणारी खोली असेल तर ते टाळा. कोणताही अ‍ॅम्प लॅपटॉपच्या खाली, राउटरच्या डोक्यावर किंवा बंद कप्प्यात ठेवू नका.

कूलरच्या सरळ झोतातही नको. ओलसर वाऱ्याबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात आणि सॉकेट गंजू लागतं. शक्य असेल तर कूलर आणि अ‍ॅम्प वेगवेगळ्या बोर्डांवर ठेवा. मोटर सुरू-बंद होताना येणारा 'टक्' त्याने कमी होतो.

## टप्पा १०: पार्सल आल्याच्या दिवशीच करायच्या तपासण्या

क्रम पाळा.

१. अडॅप्टरची पाटी पुन्हा वाचा. मागवलेला आणि आलेला एकच आहे का बघा.

२. सगळ्या तारा जोडा, नॉब शून्यावर, गेन कमीवर. आधी लॅपटॉप सुरू, मग अ‍ॅम्प. हेडफोन अजून लावायचा नाही.

३. गाणं न लावता आउटपुटवर डीसी व्होल्ट मोजा. ऑक्स केबल लावून प्रत्येक कानासाठी वेगळं: पिनचं टोक डावा कान, मधली पट्टी उजवा. इथे पिवळा डीटी-८३० देखील चालतो, त्याची डीसीची २०० मिलिव्होल्टची रेंज वापरा. २० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. ५० च्या वर असेल तर हेडफोन न लावता अ‍ॅम्प परत पाठवा.

४. घरातला स्वस्तातला इअरफोन आधी लावून बघा, महागडा हेडफोन नंतर.

५. हेडफोनवर गाणं न लावता नॉब नेहमीच्या जागेपर्यंत न्या. सळसळ किंवा 'हूं' येते का ऐका. मग नॉब खाली आणा.

६. बोलण्याचं रेकॉर्डिंग लावून नॉब सावकाश वर न्या. आवाज डोक्याच्या मधोमध राहतो, की खालच्या भागात एका बाजूला झुकतो? झुकत असेल आणि तुमचा नेहमीचा आवाज त्याच भागात येत असेल, तर लॅपटॉपचा व्हॉल्यूम थोडा उतरवा म्हणजे नॉब वर नेता येईल.

७. लॅपटॉपच्या साउंड सेटिंगमधले सगळे 'एन्हान्समेंट' बंद करा. अ‍ॅम्पमुळे आवाज बदलला असं वाटण्यामागे बरेचदा तेच असतात.

सावधान: बंद करताना क्रम उलटा: आधी नॉब शून्यावर, मग अ‍ॅम्प, मग लॅपटॉप. पिन घालता-काढताना नॉब खालीच असावा, कारण सरकताना पिन क्षणभर आतले संपर्क जोडते. ऐकताना लाइट गेली तर हेडफोन लगेच कानावरून उतरवा आणि नॉब शून्यावर आणा. लाइट परत येताना काही अ‍ॅम्प जोराचा 'धप्' देतात. आत रिले असलेला अ‍ॅम्प सुरू होताना दोन-तीन सेकंदांनी 'टिक्' करतो आणि मगच आवाज सोडतो. लाइटचा खेळखंडोबा असलेल्या वस्तीत राहत असाल तर असाच घ्या.

ऑनलाइन घेतलेल्या वस्तूची परतीची मुदत थोडीच असते. त्या मुदतीत एकदा दुपारी, कूलर आणि घरातलं सगळं सुरू असताना, आणि एकदा रात्री सामसूम झाल्यावर पाचवी तपासणी पुन्हा करा. तोवर खोकं, आतला फोम आणि अडॅप्टरची पिशवी टाकू नका.